माहेरच्या दाराचा रंग

मी लग्न होऊन नागपूरला निघाले त्या सकाळी दारापुढे दमणी उभी होती, बैल जुंपलेले होते आणि माझे बाबा चौकटीला टेकून उभे होते. आमचं दार हिरवं होतं, जवसाच्या तेलात घोटलेला गडद हिरवा रंग. बाबा रडणाऱ्यातले नव्हते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तिकडं कोणी पुसलं कोन्या घरची, तं हिरव्या दाराची सांगजो." मागून माय आली, तिनं माझ्या ओटीतला नारळ सारखा केला आणि पदर तोंडाला लावून आत गेली. तिनं काही बोलावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

चिखलीपर्यंत दमणी, तिथून खामगावापर्यंत सर्व्हिस मोटार, मग जलंबला गाडी बदलून नागपूर. रस्ताभर मी रडले आणि बडनेऱ्याच्या पुढे भूक लागली म्हणून मायनं बांधून दिलेले धपाटे खाल्ले. आमचे हे खिडकीबाहेर बघत होते. सचिवालयात कारकून होते, माणूस भला, पण बायको रडायला लागली की काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

नागपुरात मला कोणत्या दाराची असं कुणीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "वऱ्हाडातल्या का तुम्ही?" आणि मी "हाव" म्हटलं की हसायचं. सरकारनं मध्यप्रांत आणि वऱ्हाड एका दावणीला बांधले होते खरे, पण आमच्या चाळीच्या नळावर ते दोन्ही वेगवेगळेच पाणी भरायचे. पुण्याहून आलेल्या एक हेडमास्तरीणबाई होत्या, त्या माझं "मले-तुले" माझ्यासमोरच बोलून दाखवायच्या. वर्षभरात मी "मला-तुला" शिकले, स्टोव्ह पेटवायला शिकले, ऑफिसची वेळ आणि नळाची वेळ यांच्यामध्ये स्वयंपाक उरकायला शिकले. चाळीतली सगळी दारं घरमालकाच्या मर्जीनं एकाच करड्या रंगाची होती. भाडेकरूनं खिळासुद्धा विचारून ठोकायचा. मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण ते घर माझं आहे असं मला कधी वाटलंच नाही.

दाराचा रंग म्हणजे आमच्या गावात काय असतं, हे नागपुरात सांगून कुणाला पटायचं नाही. गावात राहिलात त्यांना सांगायची गरज नाही, पण आमच्यासारखे जे बाहेर पडले त्यांची पोरं आता हे विसरत चाललीत, म्हणून लिहिते. आमच्या गल्लीत सगळी एकाच भावकीची घरं. धाब्याची, मातीच्या भिंतींची, आणि प्रत्येकाला सागवानी दार. ती दारं निळी. जो भाऊ वाटणी करून वेगळा निघेल, त्यानं आपल्या दाराचा रंग बदलायचा. कागद होवो न होवो, तलाठ्याकडे नोंद कधी होईल तेव्हा होईल, दार बदललं की गाव समजायचं की या घरची चूल वेगळी, वावर वेगळं, कापूस वेगळा. आणि वेगळा निघालेला कधी परत मोठ्या घरात आला, तर दार पुन्हा निळं करायचं. माझ्या बाबांनी मोठेबाबांपासून, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावापासून, वाटणी घेतली तेव्हा दार हिरवं केलं होतं. त्या वाटणीची भांडणं मी लहानपणी भिंतीआडून ऐकलेली आहेत. मोठेबाबांना लहान भावाचा वेगळा संसार कधी सहनच झाला नाही.

बाबा गेल्याचं कोपरा फाडलेलं कार्ड आलं तेव्हा मी गरोदर होते आणि मला कुणी जाऊ दिलं नाही. पोहोचले ती पुढे दिवाळीत, लेकराला घेऊन. बाबांशिवाय मायची ती पहिली दिवाळी. ना पणती, ना फराळ. मला भाऊ नाही. घरात माय एकटी आणि मोठ्या घरून तिला रोज निरोप: आता एकटी कशाला राहते, इकडे ये. ऐकायला किती मायेचं वाटतं. त्या मायेचा अर्थ मला सांगायला नको. मोठ्या घरात माझ्या मायनं पहाटे जात्यावर बसायचं, दोन सुनांची बाळंतपणं काढायची, उरलेली भाकर खायची, आणि बाबांचं वावर मोठेबाबांनी पेरायचं. एकदा आत गेलेली बाई आमच्या गल्लीत परत बाहेर आलेली नाही. मी तिला म्हटलं, त्यापेक्षा नागपूरला चल. ती म्हणाली, बघू. मायच्या "बघू"चा अर्थ नाही असा असतो, हे मला माहीत होतं, पण मी तिकिटाच्या गोष्टी करतच राहिले.

वेचणीचे दिवस होते. एका दिवशी लेकराला शेजारच्या काकूंकडे ठेवून मी मायबरोबर कापूस वेचायला वावरात गेले. नागपूरच्या माझ्या हातांना बोंडांची टोकं लागत होती आणि माय हसत होती. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. दिवस मावळायला आम्ही ओट्या भरून घरी आलो तर दार निळं झालेलं होतं. ओलं होतं. चौकटीवरून निळे ओघळ उंबऱ्यावर आले होते, इतकं घाईत केलेलं काम. खालचा हिरवा कुठे कुठे तसाच दिसत होता.

मोठेबाबा पलीकडे त्यांच्या ओट्यावर बसलेले होते. त्यांना लपायची गरजच वाटली नव्हती. मला बघून म्हणाले, "आता एकच घर झालं पोरी. उद्यापासून कापूस इकडंच येईन." कापूस घरात यायच्या आत त्यांना दार निळं करायचं होतं. एकदा तो मायच्या कोठीत पडला असता तर वर्षभर ती कुणाच्या दारात गेली नसती.

मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. मी ओटीतला कापूस तिथेच टाकला आणि त्या ओल्या दारावर दोन्ही हातांनी घासत सुटले. हात निळे, लुगडं निळं, तोंडानं जे येईल ते. नागपुरात शिकलेलं "मला-तुला" एका क्षणात गेलं आणि मी गावच्या बोलीत मोठेबाबांना त्यांच्या ओट्यावर जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकून घ्यायला त्यांचं काय जात होतं? दुसऱ्या घरी दिलेली पोर. तिच्या बोलण्याला गल्लीत तेवढीच किंमत. ते उठून आत गेले आणि आपलं दार लावून घेतलं.

माय खाली बसून माझ्या ओटीतला सांडलेला कापूस गोळा करत होती. तिनं दाराजवळ जाऊन, अगदी जवळून, रंगावर बोट फिरवलं आणि बोट पदराला पुसलं. मला म्हणाली, काकूंकडून पोर आण आणि आत चल, दुधाचं आहे ते. तेव्हा मला तिचा मोठेबाबांपेक्षा जास्त राग आला. तिथंच ती हरली असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पाटलाच्या घरी जाऊन भांडले आणि पाटलानं गल्लीतल्या चार जाणत्यांना मारुतीच्या पारावर बोलावलं. मला बोलू दिलं, पण लहान मुलाला पाठ म्हणायला लावतात तसं. मी म्हटलं, घर वेगळं आहे, बाबांनी वाटणी घेतली होती, सगळ्यांना ठाऊक आहे. मोठेबाबा म्हणाले, भाऊ गेला, बाई एकटी, घरातल्या कर्त्यानं तिला पंखाखाली घ्यायचं नाही तर कुणी? लोक माना हलवत होते. वाईट याचं वाटतं की त्यातले बरेच भले लोक होते. त्यांना खरंच वाटत होतं की मोठेबाबा पुण्याचं काम करतायत.

मग माय बोलली. आमच्याकडे बाई भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलत नाही. माझ्या जन्मापासून मी तिला मोठेबाबांपुढे एक शब्द बोलताना ऐकलेलं नाही. ती पदर नाकापर्यंत ओढून, त्यांच्याकडे पाठ करून, पाटलाकडे तोंड करून उभी राहिली.

"पाटील, त्यायले इचारा, दाराले रंग कोणी लावला?"

मोठेबाबा म्हणाले, माझ्या गड्यानं, माझ्या सांगण्यावरून. त्यात लपवायचं काय?

"मंग भावकीतलं माणूस गेल्यावर वरसाच्या आत दाराले रंग कोण लावते, हेबी इचारा."

पारावरच्या माना हलायच्या थांबल्या. आमच्या गल्लीत भावकीतलं माणूस गेलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत कोणत्याच दाराला ना तेल लागत, ना रंग. ज्याला त्या माणसाचं सुतक आहे तो वर्षभर दाराला हात लावत नाही. लावतो तो परका. पावसात चौकट कुजली, तरी लोक वर्ष धरून बसतात. मोठेबाबांनी जन्मभर हेच पाळलं होतं, दुसऱ्यांना पाळायला लावलं होतं, एका घरावर तर यासाठी बहिष्कार टाकला होता. आणि कापूस हाती लागावा या घाईत स्वतःच्या पाठच्या भावाच्या दाराला सातव्या महिन्यातच रंग फासून बसले.

"त्यायले माह्या मालकाचं सुतक नाई," माय म्हणाली, "मंग माह्या घराशी त्यायचं काही नातं नाई."

एवढंच. आवाज चढवला नाही. गल्लीतले सर्वांत म्हातारे आजोबा डोळे मिटून बसले होते, ते म्हणाले की बाई खरं बोलते. मोठेबाबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्यांनी आधी लाकूड खराब होत होतं म्हणून पाहिलं. मग विसरलो म्हणाले. भावाचं सुतक विसरलो! ते म्हटल्यावर मागे उभ्या असलेल्या बायका कुजबुजायला लागल्या आणि मला वाटलं, आता हसू नये, पण मी हसले. शेवटी पाटलानं सांगितलं, भाऊ म्हणवायचं तर आता वर्ष पाळा, आणि बाईच्या घरात, वावरात, कापसात पाय घालू नका. मोठेबाबांनी पडतं घेतलं. म्हणाले, आजच गडी लावून निळा खरवडून देतो.

माय त्यांच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "खरवडू नका. वरस होऊ द्या. तवर निळंच राहू द्या, येणाऱ्या-जाणाऱ्यायले दिसू द्या."

ते ऐकून मला किती आनंद झाला! केवढी अद्दल. रोज उठून आपलीच करणी समोर बघायची. मी नागपूरला परतताना, मला न्यायला आलेल्या यांना गाडीत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि हे पुन्हा पुन्हा हसत होते. चाळीत नळावर हेडमास्तरीणबाईंनाही सांगितली, ती मुद्दाम "मले-तुले"मध्ये. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, मग आता तुमच्या आई त्या दारातून रोज कशा जात असतील? मला तो प्रश्न खवचट वाटला आणि मी बादली उचलून निघून आले.

वर्षश्राद्धाला मी गेले तेव्हा सीताबर्डीवरून हिरव्या तेलरंगाचा डबा घेऊन गेले. दुकानदाराला चार डबे उघडायला लावले होते. बाबांचा हिरवा मला डोळे मिटून ओळखता येतो आणि तोच हवा होता. गाडीत डबा मांडीवर ठेवला, हमालाच्या हाती दिला नाही. माझ्या मनात सगळं ठरलेलं होतं. ब्राह्मण जेवून गेले की दार खरवडायचं, संध्याकाळपर्यंत हिरवं करायचं, आणि मोठेबाबांच्या ओट्यासमोर उभं राहून शेवटचा हात मारायचा.

मायनं डबा बघितला, झाकण उघडून वास घेतला आणि परत लावून ठेवला. मग कोठीतून एक मडकं आणलं. त्यात पिवडी होती, रंगाची पिवळी माती, चिखलीच्या बाजारातून आणलेली, आणि शेजारी घरच्या जवसाचं तेल. तिनं ते कधी आणलं, तेल घाणीवर कधी काढून घेतलं, मला एका शब्दानं कळवलेलं नव्हतं.

मी चिडले. खरं सांगते, ज्या जोरानं मोठेबाबांवर चिडले होते त्याच जोरानं. पिवळं दार! विधवेच्या घराला हळदीचा रंग! लोक काय म्हणतील, आणि लोकांचं राहू दे, बाबांचं काय? त्यांनी आयुष्य काढलं त्या हिरव्यासाठी. मी एवढ्या लांबून डबा आणला तो कशाला? ती ऐकत होती आणि पिवडी तेलात कालवत होती. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, "हिरवा तुह्या बापानं आणला, निळा भासऱ्यानं लावला, आता तू डबा घेऊन आली. मले कोणी इचारलं?"

मी आणखी मोठ्यानं विचारलं, "मग पिवळाच कायले?" माझ्या तोंडून "कायले" गेलं.

तिनं सांगितलं ते असं. तिला दोन-तीन वर्षांपासून संध्याकाळी दिसत नाही. बाबांना सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. वावरातून परत येताना गल्लीत सगळं धुरकट व्हायचं, पण हिरवं दार वेगळं होतं, थोडं काळपट, त्या अंदाजानं ती घरी यायची. पारावर आपणच मागून घेतलेला तो निळा रंग वर्ष सरेपर्यंत तिला पुरून उरला. सगळी दारं सारखी. कितीदा तरी ती मोठेबाबांच्या दारात जाऊन उभी राहिली, कडी शोधत. मोठीमाय, त्यांची बायको, आतून यायची आणि मोठ्यानं म्हणायची, आली का, ये, ये, आम्ही म्हटलंच होतं येशील म्हणून. सुना हसायच्या. मोठेबाबा ओट्यावरून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. मायलाही काही बोलता यायचं नाही, कारण दिसत नाही म्हटलं की झालं, आंधळ्या बाईला एकटं कोण राहू देतं? मग ती पदर ओढून, भिंत चाचपत, तिथून आपल्या दारापर्यंत यायची.

"पिवळा दुरून दिसते," ती म्हणाली. "म्या नाल्यावरून पाहून आली. काकूच्या कुडाले पिवळं लुगडं वाळत घातलं होतं, ते दिसलं."

मी कुठे होते? मी नागपुरात नळावर गोष्ट सांगत होते. पण हे मी स्वतःला मारून घ्यायला लिहीत नाही. मला राग आहे तो त्या सगळ्यांचा, ज्यांनी तिला चुकलेल्या दारात उभी पाहिली आणि हात धरून दोन घरं पलीकडे सोडली नाही. आणि तिचाही आहे. अजून आहे. इतकं सोसायचं आणि लेकीला कार्डावर "सर्व खुशाल" लिहून घ्यायचं, याला मी शहाणपण म्हणणार नाही.

दार तिनं स्वतः रंगवलं. मला फक्त तेलाची वाटी धरू दिली. हिरवा डबा तसाच परत आला आणि घरमालकाला न विचारता आमच्या चाळीच्या मोरीच्या दाराला लागला. त्यावरून नोटीस आली ती गोष्ट वेगळी. गावात लोक बोललेच. विधवेचं पिवळं दार म्हणून चिखलीपर्यंत नाव झालं. मोठीमायनं शुभकार्याला जाताना त्या बाजूनं जाणं सोडलं. माय म्हणाली, बरं झालं, धूळ कमी उडते.

ती नागपूरला आली नाही. मी बोलावणंही सोडलं आहे. इथे मला भाड्याच्या तीन खोल्या आहेत, लेकरांची शाळा आहे, यांची बढती व्हायची आहे, आणि आता "मले" म्हणायला मी नळावर लाजत नाही. कुणी विचारलं तर मी हिरव्या दाराची असं सांगत नाही, पिवळ्याचीही नाही. ती दारं बाबांची आणि मायची. माझं घर म्हणावं असं मला एवढंच उरलं आहे की त्या गल्लीत एक बाई दिवस मावळल्यावर कुणाला न विचारता आपल्या दारात पोहोचते.

म्हणून गल्लीत राहिलेल्यांनो, तुमच्यापैकी कुणी हे वाचून दाखवील तेव्हा नीट ऐका. उन्हानं पिवडी लवकर फिकी पडते. रंग उडायला लागला की मला कार्ड टाका. तुम्ही दाराला हात लावू नका. मी तिला विचारेन, आणि ती म्हणेल तो रंग घेऊन येईन.